गिअर हातातून गेला, पायात राहिला : ऑटोमॅटिक मोटार आणि इंधन-काटकसरीचा इतिहास

१/८
ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्ध पेटले असताना अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. त्या रांगांतील बहुसंख्य मोटारींना क्लचच नव्हता.

२/८
ही सोय जनरल मोटर्सने १९३९ मध्ये आणली. १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स बसवला गेला. त्यात पात्यांची दोन चाके समोरासमोर असत. इंजिन एक चाक फिरवी. त्याने भिरकावलेल्या ऑइलच्या जोरावर दुसरे फिरे. क्लचचे पेडल नाहीसे झाले.

३/८
मात्र ऑइलची पकड कधीच पूर्ण नसते. इंजिनाचे काही फेरे वाया जातात आणि त्यांची उष्णता होते. १९४८ मध्ये ब्यूकने आणलेला ‘डायनाफ्लो’ विलक्षण मुलायम होता. परंतु त्या मुलायमपणाची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागे. पेट्रोल स्वस्त होते, तोवर ती फारशी जाणवली नाही.

४/८
काटकसरीचे तंत्र अज्ञात होते असे नव्हे. १९३६ पासून १९६८ पर्यंत, महायुद्धाचा खंड वगळता, अमेरिकेत ‘मोबिल इकॉनॉमी रन’ ही स्पर्धा होत असे. तिथे वेगाला बक्षीस नव्हते. कमीत कमी पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त अंतर कापणे हीच कसोटी होती. हलका पाय, स्थिर वेग आणि ब्रेक लावावाच लागू नये म्हणून दूरवर ठेवलेली नजर, ही अशा चालकाची आयुधे.

५/८
ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक युक्ती होती. जुना गिअरबॉक्स दोन गोष्टींवरून गिअर ठरवी : गाडीचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटरवरील दाब. पाय जोरात दाबला, की तो खालचा गिअर धरून ठेवी आणि इंजिन घोंघावत राही. वेग आल्यावर पाय किंचित उचलला, की वरचा गिअर लवकर पडे. हातातून गेलेला निर्णय असा पायात शिल्लक होता.

६/८
संकटाने ही वैयक्तिक शिस्त कायद्यात आणली. २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, मर्यादा आली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७० मैलांवर तो ५५ मैलांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक असतो.

७/८
यंत्रालाही सुधारावे लागले. १९७५ च्या कायद्याने १९८५ पर्यंत नव्या मोटारींसाठी गॅलनला सरासरी २७.५ मैलांचे, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटरचे, लक्ष्य घातले. १९७८ च्या मॉडेलांत क्रायस्लरने ‘लॉक-अप’ क्लच दिला. स्थिर वेगात तो ऑइलमधील घसर थांबवून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडी. कल्पना नवी नव्हती. पॅकार्डने ती १९४९ मध्येच वापरली होती. तिची निकड मात्र १९७३ नंतर पटली.

८/८
तेलबंदी मार्च १९७४ मध्ये उठली, ५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली. एक गैरसमज मात्र अजून टिकून आहे : उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचते. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला, तर उतारावर इंजिनाचा इंधनपुरवठा बहुधा पूर्ण थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू राहण्यासाठी पेट्रोल जळतच राहते, शिवाय गाडीवरचा ताबाही कमी होतो. गिअरबॉक्स कितीही हुशार झाला, तरी पाय कधी दाबायचा आणि कधी उचलायचा, हे आजही चालकच ठरवतो.