हॉस्टेल

ईलाय रॉथ दिग्दर्शित अमेरिकी भयपट (२००५). युरोपात भटकणारे पॅक्स्टन व जॉश ॲम्स्टरडॅममध्ये पैसे मोजून देहसुख घेतात. मुलींच्या आमिषाने स्लोव्हाकियात गेल्यावर त्यांचेच देह छळासाठी विकले जातात. गिऱ्हाइकांच्या दरांत अमेरिकी माणूस सर्वांत महाग. समीक्षक डेव्हिड एडलस्टीन यांनी २००६ मध्ये अशा चित्रपटांना ‘टॉर्चर पॉर्न’ म्हटले. रक्तपात किळसवाणा आहे, हे खरेच. पण हात थरथरतात म्हणून शल्यविशारद होऊ न शकलेला व्यापारी जॉशच्या टाचांमागच्या कंडरा कापून त्याला जायला सांगतो, तेव्हा भीती जखमेपेक्षा विकत घेतलेल्या सत्तेची वाटते. एडलस्टीन यांचे विशेषण इथे तोकडे पडते. स्लोव्हाकियातून झालेली टीका मात्र रास्त आहे: चित्रीकरण चेक प्रजासत्ताकात करून स्लोव्हाकियाला बेबंद दाखवण्याची कथेला गरज नव्हती.