पाद्री स्टीफन्स : साष्टीचा विगार आणि त्याच्या पुराणाची लिपि

क्रिस्तपुराणाच्या आरंभीं मराठी भाषेची जी स्तुति आली आहे, ती आज शाळेंतील मुलांसही तोंडपाठ असते. तिचा उतारा आम्ही येथें देत नाहीं. त्या चार-दोन ओव्यांनीं ग्रंथकर्त्याची कीर्ति जितकी केली, तितकाच त्याचा खरा व्यवसाय झांकूनही टाकला, असें आमचें मत आहे. ‘मराठीवर प्रेम करणारा इंग्रज कवि’ एवढीच त्याची ओळख लोकांस उरली. परंतु पाद्री स्टीफन्स हा प्रथम साष्टी प्रांतांतील खेड्यांचा विगार होता. मुलांस दोत्रीन शिकवणें, कबुलीजबाब ऐकणें, लग्नें लावणें, मर्तिकें करणें, हें त्याचें चाळीस वर्षांचें काम. पुराण त्या कामांतून निघालें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्या पोथ्यांविषयींचे कांहीं वादही निराळ्या उजेडांत दिसूं लागतात. म्हणून हा लेख.

टॉमस स्टीफन्स याचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर प्रांतीं, क्लिफ पायपर्ड पॅरिशमधील बुश्टन या खेड्यांत, इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. बाप व्यापारी होता. जुन्या कागदांत याचें नांव कोठें एस्तेवांव, कोठें बुस्तेन, कोठें बुस्तोन असें आढळतें आणि हे दोन-तीन वेगळे पुरुष असावेत असा भ्रम पूर्वीं झालेला आहे. ‘बुस्तेन’ हें गांवाचें नांव, ‘एस्तेवांव’ हें स्टीफन्सचें पोर्तुगीज रूप, इतकाच तो प्रकार. आपल्याकडे ग्रामनामावरून ‘कर’ लावून आडनांव करण्याची चाल असल्यामुळें आपल्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. राणी एलिझाबेथच्या अमलांत कॅथलिक पंथाच्या माणसास इंग्लंडांत राहणें अवघड झालें होतें. १५७५ सालीं त्यानें रोम येथें जेझुइट संघांत प्रवेश केला, ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडलें आणि २४ ऑक्टोबर १५७९, म्हणजे शके १५०१ मध्यें, तो गोव्यास उतरला. त्या प्रवासाचें वर्णन करणारें पत्र त्यानें बापास लिहिलें. हॅक्लुइटनें तें पुढें आपल्या प्रवाससंग्रहांत छापलें व इंग्रज व्यापाऱ्यांनीं तें आवडीनें वाचलें. दर्यावर्दी विषयांच्या अभ्यासकांनीं त्यावर पुष्कळ लिहिलें आहे, आम्हांस त्यांत पडण्याचें कारण नाहीं.

१५८० सालीं गोव्यांतच त्याला पुरोहितदीक्षा मिळाली आणि त्याची नेमणूक साष्टीकडे झाली. ही साष्टी उत्तर कोंकणांतील नव्हे, गोव्याच्या दक्षिणेकडील. १५४३ पासून बारदेश व साष्टी हे दोन्ही प्रांत पोर्तुगिजांकडे आले होते. पुढें धर्मप्रसाराच्या कामीं बारदेश फ्रान्सिस्कन संघाच्या व साष्टी जेझुइट संघाच्या वांट्यास गेली. स्टीफन्स तेथें आला तेव्हां प्रांताची जखम ओली होती. १५६७ सालीं रायतूरचा किल्लेदार दियोगु रोद्रिगिश यानें साष्टींतील देवळें पाडलीं होतीं. कुशस्थळीचा मंगेश व केळोशीची शांतादुर्गा हीं दैवतें नदीपलीकडे, आदिलशाही मुलखांतील अंत्रूज महालांत, प्रियोळ व कवळें येथें नेलेलीं होतीं. मागें राहिलेल्या लोकांचे देव गेले होते, पोथ्याही गेल्या होत्या, आणि नव्या धर्माची भाषा त्यांस येत नव्हती.

जुलै १५८३ मधील कुंकळीच्या प्रसंगाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. साष्टीच्या कामाचा मुख्य रोदोल्फो आक्वाविवा हा त्या सालापूर्वीं अकबराच्या दरबारीं फत्तेपूर शिक्री येथें राहून आलेला पुरुष. तो क्रूस उभारण्यास व देउळाची, म्हणजे इगर्जीची, जागा पाहण्यास कुंकळीस गेला असतां गांवकऱ्यांनीं त्याला, चार सोबतीं जेझुइटांस व बरोबरच्या कित्येक ख्रिस्ती लोकांस ठार केलें. त्यांतील आल्फोन्सो पाशेको हा कुंकळीचीं देवळें पाडण्यांत पूर्वीं अग्रेसर होता. नंतर पोर्तुगिजांनीं कुंकळीच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून मारलें. जेझुइट बखरकार पहिली गोष्ट विस्तारानें सांगतात व दुसरी थोडक्यांत आटोपतात. आपल्याकडील कांहीं लेखक नेमकें याच्या उलट करतात. मेलेल्या पाद्र्यांचीं प्रेतें मिळवण्याच्या कामीं स्टीफन्स होता, अशी संघाची परंपरा आहे. ज्यानें पुढें मराठींत पुराण रचलें, तो या सत्तेच्या आश्रयानें राहणारा, तिच्या कृत्यांस आंतून पाहणारा आणि आपल्या सोबत्यांस हुतात्मे मानणारा माणूस होता. त्याला आपल्या सोईचा संत करून घेणें किंवा केवळ विध्वंसकांचा हस्तक ठरवणें, दोन्ही सोपें आहे, आणि दोन्ही आम्हांस मान्य नाहीं.

त्याच वर्षीं न्यूबरी, फिच, लीड्स व स्टोरी हे चार इंग्रज होर्मुजास पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत आले. स्टीफन्सनें खटपट करून त्यांस जामिनावर सोडवलें व पुढील वर्षीं त्यांतील कांहीं निसटले. इंग्रज ग्रंथकारांस या गोष्टीचें मोठें अप्रूप आहे. आम्हांस मात्र त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका कागदाचें महत्त्व अधिक वाटतें.

तो कागद म्हणजे २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं त्यानें पॅरिस येथील आपल्या भावास लिहिलेलें लॅटिन पत्र. त्यांत कुंकळीची हकीकत आहे आणि जातां जातां इकडील भाषांविषयीं कांहीं वाक्यें आहेत. या भाषांचे उच्चार कानास कटु नाहींत, त्यांची रचना ग्रीक व लॅटिनशीं मिळतीजुळती आहे, शब्दयोजना विलक्षण सुंदर आहे, आणि यांचीं अक्षरें सुटे वर्ण नसून अवयवासारखीं संपूर्ण असतात, व्यंजनांचे स्वरांशीं जितके मेळ तितकीं त्यांचीं रूपें, असा त्यांचा आशय आहे. ज्यांनीं पाणिनि वाचला त्यांस यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. परंतु काळ पहावा. फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याचीं संस्कृत व इटालियन शब्दांच्या साम्याविषयींचीं पत्रें याच्यानंतरचीं, आणि सर विल्यम जोन्सचें सुप्रसिद्ध व्याख्यान १७८६ चें, म्हणजे दोनशें तीन वर्षांनंतरचें. जोन्सनें जें पंडितांपुढें मांडलें, त्याचें पहिलें ठिणगीएवढें दर्शन साष्टीच्या एका पाद्र्यास चार वर्षांच्या मुक्कामांत झालें होतें. त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला नाहीं. त्याला रविवारची तयारी करावयाची होती.

ही तयारी म्हणजे काय, हें समजण्यास त्याचीं दुसरीं दोन पुस्तकें उपयोगीं पडतात. ‘दोत्रीन’ म्हणजे मुलांसाठीं प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण. तें त्यानें साष्टीच्या बोलींत, म्हणजे आपण आज जिला कोंकणी म्हणतों तींत केलें, आणि तें त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याच बोलीचें त्याचें व्याकरण पाद्री दियोगु रिबेरु व इतरांनीं वाढवून १६४० सालीं तेथेंच छापलें. कुन्य रिव्हार यानें १८५७ सालीं नव्या गोव्यांत त्याची पुनरावृत्ति काढली. दोत्रीनाचा हुबेहूब ठसा डॉ. मारियानु साल्दाञ यांनीं १९४५ सालीं लिस्बन येथें प्रसिद्ध केला. येथें एक भेद लक्षांत ठेवावा. मुलांस शिकवतांना पाद्री बोली वापरतो, आणि जाणत्या गृहस्थांपुढें पुराण मांडतांना ग्रांथिक मराठी वापरतो. त्या काळीं साष्टींत घरांत बोलावयाची एक भाषा व पोथी वाचावयाची दुसरी, अशी रीत होती, हें यावरून उघड होतें. आपल्याकडे या दोन भाषांच्या नात्यावरून जें तांबडें-पांढरें होतें, त्यांत पडणाऱ्यांनीं या विगाराचा व्यवहार पाहावा. त्याला दोन्हींची गरज होती आणि त्यानें दोन्ही शिकून घेतल्या. १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनें ज्यास गांवची भाषा येत नाहीं त्याच्याकडे पॅरिश सोंपवूं नये असा ठराव केला, तो बहुतेक पाद्र्यांस जाचक वाटला असेल. स्टीफन्स तोंपर्यंत पंचवीस वर्षें तेंच करीत आला होता.

पुराणाचा प्रसंग त्याच्या आरंभींच आला आहे. दोत्रीन चाललें असतां एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग तशीं दुसरीं आम्हांस कां करून देत नाहीं? ही केवळ काव्यारंभाची रूढ प्रस्तावना म्हणून सोडून देतां येत नाहीं. ज्यांचें पुराणश्रवण सुटलें त्यांच्या संध्याकाळीं रिकाम्या पडल्या होत्या, आणि त्या कशानें भराव्या हा प्रश्न खेड्याच्या विगारापुढेंच प्रथम येतो, वरिष्ठांपुढें नव्हे. स्टीफन्सनें उत्तर दिलें तें सुमारें अकरा हजार ओव्यांचें. ‘पहिलें पुराण’ छत्तीस अवस्वरांचें, त्यांत जुन्या कराराची कथा. ‘दुसरें पुराण’ एकुणसाठ अवस्वरांचें, त्यांत ख्रिस्तचरित्र. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणावयासही तो कचरत नाहीं. ओवीचें वळण, यमक, श्रोत्यांस मधून मधून दिलेली हांक, सर्व आपल्या पोथ्यांचें. तें त्यानें कोठून घेतलें, यासही पुरावा आहे. जेझुइटांनीं १५५९ च्या सुमारास एका ब्राह्मणाच्या घरांतून व्यासकृत म्हणून सांगितलेल्या पोथ्या चोरून आणवल्याचें त्यांच्याच पत्रांत नमूद आहे. पुढें रोमन लिपींत उतरून घेतलेल्या अशा मराठी-कोंकणी कथा पोर्तुगालांत ब्रागाच्या ग्रंथालयांत सांपडल्या, व त्यांत केळोशीच्या कृष्णदास शामाचें कृष्णचरित्रही आलें. ज्या पोथ्या लोकांच्या हातून काढून घेतल्या, त्यांवरच नवा पुराणकार शिकला. कोणास यांत विनोद दिसेल, आम्हांस वाईट वाटतें.

आतां लिपीचें प्रकरण. ५ डिसेंबर १६०८ रोजीं स्टीफन्सनें रोमला संघाच्या मुख्यास पत्र लिहिलें. मलबारांत जसे तेथील लिपींत ग्रंथ छापले गेले, तसे इकडील भाषेंत व इकडील अक्षरांत छापलेले पाहावे, ही आपली पुष्कळ वर्षांची इच्छा असल्याचें तो कळवतो. अडचण ही कीं युरोपांत चोवीस अक्षरांचे सांचे पुरतात, येथें सहाशें लागतील. साठीच्या घरांत आलेल्या पाद्र्यानें जोडाक्षरांची ही मोजदाद करून ठेवली होती. परवानगी किंवा पैसा, काय कमी पडलें असेल तें असो, सांचे झाले नाहींत. १६१६ सालीं, शके १५३८ मध्यें, पुराण रायतूरास रोमन लिपींत छापलें गेलें. तीनच वर्षांनीं, १६१९ सालीं, ग्रंथकर्ता वारला. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकीं एकाही छापील आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाहीं. १६८४ सालीं विसरेई कोंदि द आल्व्होर यानें देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला, आणि १७५९ मध्यें जेझुइटांची गोव्यांतून उचलबांगडी झाली. मग पुस्तकांस वाली कोण राहणार?

ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांनीं, आणि विशेषतः गोवा सोडून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं. जोसेफ साल्दाञ यांनीं तशा रोमन प्रतींवरून १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ छापला. त्याच पाठावरून शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं नागरींत आवृत्ति काढली. दरम्यान, १९२० नंतरच्या दशकांत जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील नागरी प्रत उजेडांत आणली व हाच मूळ पाठ असें प्रतिपादिलें. त्यांचा मुख्य आधार हा कीं, जेथें रोमन प्रतींत पोर्तुगीज धर्मशब्द आहेत, तेथें या प्रतींत संस्कृत शब्द आहेत.

ॲबट यांची मराठी संतवाङ्मयाची सेवा मोठी आहे, तरी त्यांचा निर्णय आम्हांस घाईचा वाटतो. अपरिचित शब्द काढून परिचित घालणें ही लेखकूंची नित्याची खोड आहे. नागरी वाचणाऱ्यास पोर्तुगीज शब्द खटकले असतील व त्यानें ते बदलले असतील. उलट, संस्कृत शब्दांत विधर्माचा वास येऊन वरिष्ठांनींच ते छापतांना बदलवले, असेंही म्हणतां येईल. मग तोल कोठें जातो? आम्ही पुन्हां दोत्रीनाकडे बोट दाखवतों. त्यांत याच ग्रंथकर्त्यानें पोर्तुगीज धर्मशब्द सर्रास घेतले आहेत. त्याचे श्रोते ते शब्द दर रविवारीं ऐकत होते, त्यांस ते परके राहिले नव्हते. जो विगार मुलांस एक शब्द शिकवतो, तो त्यांच्या बापांस दुसराच कां सांगेल? यावर, दोत्रीन बोलींत व पुराण ग्रांथिक भाषेंत, असा आक्षेप येईल, व तो आम्हीच वर केलेल्या भेदावरून येईल, हें आम्ही जाणतों. तूर्त आमचा कल रोमन पाठाकडे आहे, इतकेंच. मार्सडेन प्रतीची लिपि मात्र ग्रंथकर्त्याच्या इच्छेशीं जुळते, हें १६०८ चें पत्र सांगतें. लिपि मूळची आणि शब्द मागाहूनचे, असें होणें अशक्य नाहीं.

वादाचा निकाल तिसऱ्या, काळ घातलेल्या प्रतीवांचून लागणार नाहीं. अशीं पानें आमच्या संग्राहक मित्रांच्या हातून निसटण्याचें कारण एकच : रोमन अक्षरें दिसलीं कीं ‘पोर्तुगीज दप्तर’ म्हणून तीं बाजूस पडतात. म्हणून कांहीं खुणा देतों. चार-चार ओळींचे गट पाहावे, त्यांत पहिल्या तीन ओळींचा शेवट जुळेल आणि चौथी मोकळी राहील. शकारासाठीं एक्स हें अक्षर वारंवार येईल. णकार, टकार, ळकार यांसाठीं तें तें अक्षर दुहेरी लिहिलेलें दिसेल. अनुस्वाराच्या जागीं शब्दाच्या शेवटीं एम किंवा स्वरावर वांकडी रेघ असेल. महाप्राणावर भरंवसा ठेवूं नये, लेखकू तो पुष्कळदां गाळतात. मोठ्यानें वाचावें, डोळ्यांनीं पोर्तुगीज वाटणारी ओळ कानास ओवी लागते. कोरीं पानें व पुठ्ठ्याच्या आंतील बाजू आधीं तपासाव्या, कारण लेखकूचें नांव, गांव व साल बहुधा तेथेंच असतें, आणि बांधणावळ नवी करतांना नेमकें तेंच पान फेंकून देण्यांत येतें.