वरातीचा घोडा भरायचा तर आधी चारा, मग चंदी

आंबिवली : तुळशीचं लग्न लागलं की कल्याण-डोंबिवलीत वराती सुरू होतात. पावसाळाभर खुंट्याला उभा राहिलेला घोडा तोवर पाठीतून उतरलेला असतो. मग घाई होते आणि तोबऱ्यात एकदम दोन-तीन किलो हरभरा, वर गूळ पडायला लागतो. पोटशूळ इथूनच सुरू होतो. घोड्याला उलटी करता येत नाही आणि त्याचं जठर लहान असतं, फार तर 8 ते 15 लिटरचं. जास्त झालेलं धान्य न पचताच मोठ्या आतड्यात उतरतं, आंबतं, वायू धरतो. काही घोड्यांच्या खुरांच्या आत सूज येते आणि ते कायमचे लंगडे होतात.

भाताच्या पट्ट्यात दुसरी अडचण पेंढ्याची. पेंढा स्वस्त आणि दारात मिळतो, पण त्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या घोड्याचं पोट सुटतं आणि पाठ बसते. लांबून बघणाऱ्याला घोडा भरलेला वाटतो, मांस मात्र कुठेच नसतं. म्हणून डोळ्यावर न जाता हात फिरवून बघावं. बरगड्या दिसू नयेत, पण बोटाला लागाव्यात. पाठीचा कणा वर आला असेल, पुठ्ठे आत गेले असतील तर घोडा उतरलाय. मान टणक झाली आणि शेपटीच्या मुळाशी मऊ चरबी साठली तर उलट खुराक कमी करायची वेळ आलीय.

किती घालायचं हे वजनावर ठरतं. वजनकाटा लागत नाही, शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्याच आकड्याने गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणून 11,880 ने भागायचं. घेर 160 आणि लांबी 140 असेल तर घोडा साधारण 300 किलोचा.

अशा घोड्याला दिवसाला सुमारे 6 किलो सुकं खाणं लागतं. त्यातला 4.5 किलो तरी चाराच हवा : चांगलं वाळलेलं गवत, थोडा लसूणघास, पेंढा फक्त भर म्हणून. ओला चारा मोजताना सावध राहावं, त्यात तीन हिश्शांहून जास्त पाणीच असतं. उरलेली दीड किलो चंदी तीन वेळा वाटून द्यावी. त्यात ओट किंवा जवाचा भरडा, भिजवलेला हरभरा किंवा शिजवलेले कुळीथ आणि पाव किलो सोयाबीनची पेंड. मांसासाठी खरं काम ही पेंड करते. तिच्यात प्रथिनं 45 टक्क्यांच्या आसपास असतात आणि स्नायू बांधणारं लायसिनही भरपूर. कच्चं सोयाबीन मात्र घालू नये. रोज एक मूठ मीठ आणि समोर कायम स्वच्छ पाणी हवंच. नवीन खुराक 10 ते 14 दिवसांत हळूहळू वाढवावा.

काही गोष्टी गाई-म्हशींना चालतात, घोड्याला नाही. कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असतं. थोडंसं मोनेन्सिनही घोड्याचं हृदय बंद पाडतं, त्यामुळे गोण्यांची अदलाबदल करू नये. सुबाभळीच्या पाल्याने आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. हत्तीघास किंवा पॅरा गवत हाच एकमेव चारा असेल तर त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियम अडवून धरतं, हाडं ठिसूळ होतात, काही महिन्यांत तोंडाची हाडं फुगलेली दिसतात. तांदळाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त नि कॅल्शियम कमी, म्हणून तोही बेताने. बुरशी धरलेला मका मेंदूवर जातो. पावसात भिजून काळा पडलेला पेंढा फेकून दिलेला बरा.

एवढं करूनही घोडा भरत नसेल तर दात बघावेत. दाढांना धार आली की घास नीट चावला जात नाही, लिदीत अख्खे दाणे दिसतात. दात घासून घेणं आणि लीद तपासून जंताचं औषध, दोन्ही पशुवैद्याकडून करून घ्यावं. बांधून ठेवलेल्या घोड्याला चंदी घातली तर चरबी चढते, मांस नाही. रोज चालवणं, हळूहळू चढ-उतारावर दुडकी धरायला लावणं गरजेचं, आणि पाठ भरून यायला दोन-तीन महिने जातात. म्हणजे तयारी गणपतीच्या आसपासच सुरू करावी लागते. कामावरून आलेला घोडा थंड झाल्यावरच तोबरा चढवावा.

घोडा पाय आपटायला लागला, वळून कुशीकडे बघू लागला, लोळू लागला तर चंदी-चारा लगेच काढून घ्यावा. नाळीने तेल-सोडा पाजू नये, ते फुफ्फुसात जातं. सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक 1962 आहे. मोठ्या उपचारासाठी इथल्या घोडेवाल्यांना परळचं बैल-घोडा हॉस्पिटल आहे, पण ते लांब पडतं, म्हणून गाडीची सोय आधीच बघून ठेवावी.