मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी पुस्तिका : मांडणीची दुरुस्ती

बेळगाव-निपाणी हा सीमाभाग १ नोव्हेंबर १९५६ पासून कन्नडभाषक राज्यात आहे. तेथील मराठी वाचकाच्या हाती पडणाऱ्या एकाच कागदावर अनेकदा देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या नांदतात. अशा ठिकाणी मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक पुस्तिका मराठीत आणणाऱ्याला भाषांतराइतकेच मांडणीकडेही लक्ष द्यावे लागते. मांडणी बिघडली, तर शुद्ध मजकूरही चुकीचा वाचला जातो.

रफार आणि अर्थ

‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, तर ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यास’ बोलावणे आणि ‘आचार्यास’ बोलावणे यांतही स्वयंपाकी आणि गुरू एवढे अंतर आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडेलच असे नाही. शिवाय, मजकुरातील अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकली, तर दुसऱ्या प्रकारातील दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून संपूर्ण पुस्तिकेत पहिली पद्धत वापरणे श्रेयस्कर.

भाषेची खूण

मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे असतात. काही फाँटांमध्ये ही दोन्ही वळणे असतात. मात्र मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण केलेली असेल, तरच योग्य वळण उमटते. ही खूण पानाच्या आरंभीच द्यावी.

दोन भारतीय लिप्या एकत्र

२०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले लिबरऑफिस मराठी आणि कन्नड या दोहोंना ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या एकाच वर्गात धरते. एका अक्षरशैलीत या वर्गासाठी एकच फाँट व एकच भाषा ठरविता येते. त्यामुळे कन्नड शब्दांसाठी स्वतंत्र अक्षरशैली करावी. ओळींमधील अंतर ठरावीक मापाचे न ठेवता प्रमाणशीर ठेवावे. अन्यथा देवनागरीच्या वरच्या मात्रा किंवा कन्नडमधील खालची जोडाक्षरे कापली जाण्याचा धोका असतो. अक्षरांतील अंतर वाढवून शीर्षक सजवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते.

रचना आणि सजावट

शीर्षक ठळक व मोठे केल्याने ते शीर्षक ठरत नाही. त्याला शीर्षकाची शैली द्यावी लागते. तेव्हाच अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअरही प्रकरणे ओळखते. रिकाम्या ओळींनी अंतर पाडण्याऐवजी परिच्छेदाच्या शैलीत ते ठरवावे. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा जशाच्या तशा वेगळ्या चौकटीत ठेवाव्यात. त्यांतील सरळ अवतरणचिन्हे वळणदार झाली, तर आज्ञा चालत नाही.

दुरुस्ती पाठविताना

मांडणीची आणि मजकुराची दुरुस्ती एकत्र पाठवू नये. दोन्ही मिसळल्यास तपासणाऱ्याला शेकडो बदललेल्या ओळींतून आशयाचा एक बदल हुडकावा लागतो. पाठविण्यापूर्वी पान संगणकावर, भ्रमणध्वनीवर आणि छापून, असे तिन्ही ठिकाणी पाहावे. शेवटी ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ हे शब्द शोधून ते नीट उमटले आहेत ना, याची खात्री करावी.