ट्रकचा अ‍ॅक्सल उंच केलेल्या गाडीत कसा चढवायचा? भार सरळ वर उचला, गाडी त्याच्याखाली आणा

ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल जमिनीवर पडलेला आहे. शेजारी पिकअप उभी आहे, फाळका उघडा आहे. पाच-सहा जण गोळा झालेत आणि कोणीतरी म्हणतं, "चला, एका दमात टाकू." असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. बऱ्याचदा अ‍ॅक्सल गाडीत जातो आणि शिट्ट्या पडतात. पण हात निसटला, तर तो कोणाच्या तरी पायावर, बोटांवर किंवा छातीवर येतो.

त्यात गाडी 'लिफ्ट' केलेली असेल, म्हणजे सस्पेन्शन बदलून आणि मोठे टायर लावून उंच केलेली असेल, तर धोका आणखी वाढतो. हे काम सुरक्षितपणे कसं करायचं आणि कधी करायचंच नाही, ते समजून घेऊ.

अ‍ॅक्सलचं वजन किती असतं?

मोठ्या मालवाहू ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल हब, ब्रेक ड्रम आणि डिफरेन्शियलसह सहज अर्धा टन भरतो. हिशेबासाठी आपण ५०० किलो धरू.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुष कामगाराने उचलायच्या वजनासाठी ५५ किलोचा आकडा दिला आहे. त्या हिशेबाने ५०० किलोंसाठी किमान १० माणसं लागतील. पण अ‍ॅक्सलची लांबी साधारण अडीच मीटर, मध्ये डिफरेन्शियलचं मोठं पोट आणि दोन्ही टोकांना ड्रम. दहा जणांना हात घालायला जागाच नसते. वजन सगळ्यांवर सारखं येतही नाही. एकाचा पाय घसरला की त्याचा वाटा त्याच क्षणी बाकीच्यांच्या अंगावर येतो.

म्हणून पहिला नियम साधा आहे : अख्खा अ‍ॅक्सल हाताने उचलायचा नाही. माणसं कितीही असली तरी नाही.

गाडी लिफ्ट केल्याने नेमका काय फरक पडतो?

समजा, लिफ्ट किटने गाडी ६ इंच उंच झाली. त्यावर ४ इंच जास्त व्यासाचे टायर लावले. टायरमुळे उंची व्यासाच्या निम्मी, म्हणजे २ इंच वाढते. एकूण ८ इंच, म्हणजे साधारण २० सेंटीमीटर. हौद्याचा तळ आधी १ मीटरवर असेल, तर तो आता १.२ मीटरवर जातो.

२० सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३ मीटर लांबीच्या फळीवरून ५०० किलो ओढून चढवायचे असतील, तर आधी साधारण १६७ किलोंच्या वजनाइतका जोर लागायचा. आता तोच २०० किलोंवर जातो, घर्षण वेगळंच. चढही जवळजवळ १९ अंशांवरून २४ अंशांच्या आसपास जातो. मधेच दोर सुटला, तर अ‍ॅक्सल तितक्याच जोराने खाली येणार, आणि खाली ढकलणारी माणसं उभी असणार.

दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाही. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो. त्यावर हौद्यात ५०० किलो ठेवले की तो आणखी वर सरकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे एक मोठा गैरसमज. गाडी उंच झाली म्हणून ती जास्त वजन वाहू शकत नाही. लिफ्ट किटने गाडीखालची जागा वाढते. चॅसिस, ब्रेक आणि गाडीच्या स्वतःच्या अ‍ॅक्सलची क्षमता होती तेवढीच राहते.

आधी आरसी बुक उघडा

गाडीच्या आरसीवर रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, असे दोन्ही आकडे असतात. मोठ्यातून लहान वजा करा. उरलेल्या आकड्यातून चालक, सोबतची माणसं आणि हत्यारांचं वजन काढा. राहिलं तेवढंच तुम्ही लादू शकता. उत्तर ५०० किलोंच्या खाली आलं, तर विषय तिथेच संपतो. दुसरी गाडी बघा.

मग टेप घेऊन हौदा मोजा. दोन रांगांच्या सीटवाल्या पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांबीचा असतो. अडीच मीटरचा अ‍ॅक्सल त्यात ना आडवा बसतो, ना उभा. बाजूने बाहेर काढून नेला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे. ओव्हरलोडसाठीही तेवढाच दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. दंडाचं सोडा, पण बाजूने जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या उंचीवर ते लोखंड असतं, हे विसरू नका.

लिफ्टबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. त्यामुळे गाडी उंच करण्याआधी आरटीओत चौकशी करा.

वजन आधीच कमी करता येईल का?

येईल, आणि बहुतेक वेळा हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग असतो. जड ट्रकचा एकेक ब्रेक ड्रम ४०-५० किलोंचा असतो. चाकाला फिरवणारा आतला दांडा, म्हणजे हाफ शाफ्ट, बहुतेक जड ट्रकांत बाहेरच्या कडेचे बोल्ट काढले की ओढून निघतो. डिफरेन्शियलचा गोळा हाऊसिंगमधून वेगळा करता येतो. त्या एकट्याचंच वजन शंभर किलोंहून जास्त असतं, त्यामुळे तो काढायलाही चेन ब्लॉकच लागतो.

सुटे भाग वेगवेगळे चढवले, तर एका मोठ्या भाराचे चार-पाच आवाक्यातले भार होतात.

काहीही करा, ऑइल आधी काढून घ्या आणि प्लग परत घट्ट लावा. हौद्यात सांडलेलं गिअर ऑइल म्हणजे पुढच्या वळणावर लोखंडाला मिळालेली घसरगुंडी. सैल ड्रम असेल तर तोही काढा. अ‍ॅक्सल तिरका झाला की तो सगळ्यात आधी निसटतो.

उचलायचं कशाने?

तीन पर्याय व्यवहारात सापडतात.

हायड्रा क्रेन. ट्रान्सपोर्ट नगर किंवा एमआयडीसीच्या आसपास भाड्याने मिळते. अर्धा टन तिच्यासाठी फार नाही आणि उंचीचाही प्रश्न येत नाही. अख्खा अ‍ॅक्सल न्यायचा असेल, तर हाच पहिला पर्याय.

लोखंडी घोडी आणि चेन ब्लॉक. घोडीच्या दोन पायांमधून गाडी आत येईल एवढं अंतर हवं. जमीन कडक आणि सपाट हवी. चेन ब्लॉकवर लिहिलेली क्षमता भारापेक्षा बरीच जास्त हवी. ५०० किलोंसाठी १ टनाचा ब्लॉक तरी घ्या. गॅरेजच्या पत्र्याच्या छताचा अँगल हा चेन ब्लॉक टांगायची जागा नाही.

गॅरेजमधली इंजिन क्रेन. इथे बरेच जण फसतात. क्रेनवर '२ टन' लिहिलेलं असतं, पण ते हात पूर्ण आखूड असताना. हात शेवटच्या भोकापर्यंत लांब केला, की साधारण अर्धा टनच उरतो. उंच गाडीत अ‍ॅक्सल आतपर्यंत पोचवायला हात लांबच करावा लागतो. म्हणजे जिथे ताकद हवी, तिथेच ती कमी पडते.

जेसीबीच्या बकेटच्या दाताला साखळी अडकवून उचलणं सर्रास दिसतं. बकेट जरा कलली की साखळी दातावरून निसटते. मशीनला उचलण्यासाठी खास कडी असेल तरच ती वापरा, नाहीतर नको.

पट्टा कसा बांधायचा?

अ‍ॅक्सलच्या नळीला दोन्ही बाजूंनी एकेक पट्टा घ्या. ड्रमला किंवा ब्रेकच्या पाइपला नाही. पट्टा आत सरकणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे पाटे बसतात त्या बैठकीच्या बाहेरच्या बाजूला घ्या. धारदार कडा असेल तिथे जाड रबर किंवा गोणपाट घाला.

आता कोनाचा खेळ बघा. दोन्ही पट्टे सरळ उभे असतील, तर ५०० किलोंत प्रत्येकावर २५० किलो येतात. जमिनीशी ६० अंशांचा कोन झाला, तर साधारण २९०. ४५ अंशांना साधारण ३५५. आणि पट्टे पसरून ३० अंशांवर आले, तर प्रत्येकावर पूर्ण ५०० किलो. भार तोच, पट्टेही तेच, पण ताण दुप्पट. म्हणून पट्टे लांब घ्या आणि कोन ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

डिफरेन्शियलचं नाक, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जोडतात ती बाजू, जड असते. उचलताच अ‍ॅक्सल त्या बाजूला गर्रकन फिरतो. हाताने धरून तो थांबत नाही. त्या नाकाला तिसरा पट्टा घालून तोही हुकाला घ्या.

चढवण्याचा क्रम

१. जागा मोकळी करा. इशारे देणारा एकच माणूस ठरवा. बाकीचे गप्प.

२. अ‍ॅक्सल जमिनीपासून १० सेंटीमीटर उचला आणि थांबा. तो तिरका झाला, फिरला किंवा पट्टा सरकला, तर खाली ठेवून पुन्हा बांधा.

३. समतोल ठीक असेल तर सरळ वर उचला, हौद्याच्या उंचीपेक्षा थोडा जास्त. त्याच्याखाली कोणी जायचं नाही. झोका थांबवायला दोन्ही टोकांना दोर बांधा आणि ते दुरून धरा.

४. आता गाडी रिव्हर्समध्ये, फाळका उघडा ठेवून, सावकाश त्याच्याखाली आणा. टांगलेला भार गाडीकडे न्यायचा नाही, गाडी भाराखाली आणायची. हायड्रा असली तरी हाच क्रम ठेवा.

५. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून गुटके लावा. चालक खाली उतरल्याशिवाय भार खाली सोडायचा नाही.

६. हौद्यात आधीच जाड फळ्या टाकून ठेवा. अ‍ॅक्सल हळूहळू टेकवा. वजन येताच गाडीचे पाटे दबतात आणि हौदा खाली बसतो, म्हणून पट्टा लगेच सैल करू नका.

जड पोट गाडीच्या मागच्या चाकांच्या किंचित पुढे यायला हवं. ते फाळक्याकडे राहिलं तर गाडीचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

उचलायचं साधन उंचीला कमी पडतंय? मग गाडी खाली घ्या. शेतात ट्रॉली भरताना ती खोलगट जागेत उभी करून बांधावरून माल भरतात. तसंच मागची चाकं सखल पण कडक जमिनीवर घ्या, किंवा गोदामाच्या धक्क्याला गाडी लावा. चाकांखाली विटा-दगड रचून उंचीची जुळवाजुळव करू नका.

बांधायचं कसं आणि चालवायचं कसं?

अ‍ॅक्सल गोल नळीचा असतो, म्हणजे तो घरंगळतोच. नळीच्या दोन्ही बाजूंना लाकडी गुटके ठोकून फळ्यांना पक्के करा. मग चार रॅचेट बेल्ट, चार वेगळ्या कड्यांना. युरोपात माल बांधताना पुढच्या दिशेने भाराच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर धरतात. म्हणजे जोरात ब्रेक मारला, तर ५०० किलोंचा अ‍ॅक्सल ४०० किलोंच्या जोराने केबिनकडे यायला बघतो. नायलॉनची दोरी हा जोर पेलण्यासाठी नसते.

वळणाचाही हिशेब करू. गाडी उलटण्याचा धोका मोजण्यासाठी चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असं एक सोपं सूत्र आहे. समजा २,००० किलोंच्या गाडीत चाकांमधलं अंतर १.६ मीटर आहे. ५०० किलो लादल्यावर साध्या गाडीत गुरुत्वमध्य ०.८ मीटरवर आला, तर उत्तर १ येतं. लिफ्ट केलेल्या गाडीत तो ०.९६ मीटरवर गेला, तर तेच उत्तर साधारण ०.८३ होतं. आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटते. घाटातल्या ज्या वळणावर तुम्ही रोज निर्धास्त जाता, त्याच वळणावर या भारासह वेग बराच कमी ठेवावा लागेल. दोन-चार किलोमीटर गेल्यावर थांबून बेल्ट पुन्हा ताणा, कारण पहिल्या खड्ड्यांतच ते सैल पडतात.

उतरवताना

चढवताना सगळे सावध असतात, उतरवताना घाई असते. वाटेत भार सरकलेला असू शकतो आणि बेल्ट सोडताच तो घरंगळू शकतो. म्हणून आधी उचलायचे पट्टे लावून हलका ताण घ्या, मग बेल्ट सोडा. नंतर अ‍ॅक्सल वर घ्या आणि गाडी पुढे काढा. फाळक्यावरून जुन्या टायरवर ढकलून देणं सोपं वाटतं, पण टायर त्याला उसळवतो आणि तो कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नसतं.

५०० किलो एक मीटर उंचीवर टांगलेले असतात, तेव्हा त्यांच्यात साधारण ६० किलोंचा माणूस ८ मीटरवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडावा, एवढी ऊर्जा साठलेली असते. हायड्राचं भाडं वाचवायचा मोह झाला, तर हा आकडा आठवा.