नावाआधीची नावं

‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ माझ्या प्रगतिपुस्तकांत हा शेरा दुसरीपासून दहावीपर्यंत आहे. अक्षर तेवढं दरवर्षी वेगळं. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी एडीएचडीचं निदान केलं, तेव्हा आई म्हणाली, “कुणाला सांगू नकोस हो, उगाच शिक्का बसेल.” धांदरट, वेंधळा, आळशी हे शिक्के घरात आणि वर्गात कधीच बसले होते. ते शिक्के आहेत असं कुणाला वाटतच नव्हतं. या अभ्यासक्षेत्रात पाऊल टाकताना वाचकाने एवढं मनाशी ठेवावं.

कारण या क्षेत्राचा इतिहास बराचसा नावांचाच आहे. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्यानांत अशा मुलांची हकिगत मांडली. बुद्धीत काही उणं नसलेल्या मुलांतही हे आढळतं, हे त्यांनी नेमकं हेरलं. दोष मात्र ठरवला ‘नैतिक नियंत्रणा’चा. पुढे मेंदूला सूक्ष्म इजा झाली असावी असं मानलं गेलं. इजा काही सापडेना, तेव्हा तिच्या जागी ‘बिघाड’ हा शब्द आला. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात १९६८ साली सगळा भर चळवळेपणावर होता, १९८० मध्ये अवधानाची उणीव नावात आली आणि १९८७ मध्ये तिला अतिचंचलता जोडली जाऊन एडीएचडी हे नाव आलं. शांतपणे खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली या सगळ्यातून वर्षानुवर्षं निसटत राहिल्या, आणि ही या शास्त्राची मोठी चूक आहे असं मी मानतो.

आजचं नावही मला पुरतं पटत नाही. अवधान असतं, पण हवं तिथे वळवता येत नाही. विजेचं बिल माझ्या टेबलावर तीन आठवडे पडून राहतं. बंद पडलेला रेडिओ खोलून बसलो, की ताट समोर गार होतं. याला आळस म्हणणाऱ्यांनी जुळ्यांवरचे अभ्यास जरूर पाहावेत: आनुवंशिकतेचा वाटा त्यांत ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. औषधांचा पुष्कळांना खरोखर उपयोग होतो. तरी औषधाची गोळी लपवून घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

पालक, शिक्षक आणि स्वतःविषयीच शंका असलेले वाचक, सगळ्यांनी इथे निःसंकोच यावं. प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. पुस्तक मध्येच हातातून सुटलं, तर अपराधी वाटून घेऊ नका. खूण घालून ठेवा आणि जमेल तेव्हा परत या.