पेट घेणारं इलेक्ट्रोलाइट इतकी वर्षं टिकलं कसं?

लिथियम-आयन बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट पेट घेतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग ते बदललं का नाही? हा प्रश्न हाताशी धरून जुने पेपर वाचा, बरंच उलगडतं.

१९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत ऋणाग्र कोकचा होता. ग्रॅफाइटमध्ये लिथियम जास्त मावतं, पण प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये त्याचे थर अक्षरशः सोलून निघायचे. १९९० मध्येच कॅनडात जेफ डान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की एथिलीन कार्बोनेट असेल तर पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर पातळ पापुद्रा बसतो आणि थर टिकतात. अडचण अशी, की हे द्रावक साधारण ३६ अंशांखाली गोठतं. म्हणून त्यात डायमेथिल कार्बोनेटसारखी पातळ द्रावकं मिसळली. त्यांची वाफ मात्र खोलीच्या तापमानालाही ठिणगीने पेटते!

मग आग रोखणारी फॉस्फेटं घाला की. घातली ना. थोडी घातली तर आग थांबेना, जास्त घातली तर पापुद्रा धड बसेना. गाडं इथेच अडलं.

२०१७ च्या अखेरीस टोकियो विद्यापीठातल्या आत्सुओ यामादांच्या गटाने द्रावक म्हणून ट्रायमेथिल फॉस्फेटच घेतलं आणि त्यात लिथियमचं मीठ भरमसाट विरघळवलं. द्रावकाचे रेणू लिथियमला बांधले गेले, पापुद्रा मिठापासूनच तयार झाला आणि ग्रॅफाइट १००० सायकल टिकलं. पण द्रावण दाट आणि मीठ महाग. म्हणून आता त्यात लिथियमला न चिकटणारं तिसरं द्रव मिसळून मीठ कमी करायची खटपट चालू आहे.